भेटींची सीमा वयाने नव्हे, कमाईने ठरावी
भाचे-पुतणे अठरा वर्षांचे झाले की दिवाळीच्या भेटी थांबवाव्यात, असे काहींनी सुचवले आहे. मला ही मर्यादा आपल्या घरांना लागू पडणारी वाटत नाही. अठराव्या वर्षी मुले बारावी संपवून शिक्षणाच्या सर्वांत खर्चिक टप्प्यात शिरतात, आणि पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीला कोल्हापुरात आलेल्या भाच्याच्या हातात मामीने ठेवलेल्या पाकिटाचे मोल खरे तर तेव्हाच असते. म्हणून पहिल्या पगाराची दिवाळी ही सीमा मला अधिक योग्य वाटते.

मात्र नियम सगळ्या भावंडांच्या मुलांना सारखाच लावावा, आणि महाद्वार रोडवरची खरेदी सुरू होण्यापूर्वी तो मुलांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगावा. थोरल्याच्या मुलांना पदवीपर्यंत कपडे मिळाले आणि धाकट्याची मुले शाळेत असतानाच प्रथा बंद झाली, तर ती तेढ वर्षानुवर्षे जात नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आत्या-मावश्यांना तर हा खर्च फार जड जातो, पण त्या स्वतःहून तोंड उघडत नाहीत. तेव्हा ‘आता आम्हाला काही आणू नका’ हे कमावत्या मुलांनीच आधी म्हणावे.

लग्नाचा आहेर, बारशाला हुपरीच्या चांदीचे वाळे आणि भाऊबीजेची ओवाळणी या हिशेबात मी धरत नाही. पन्नाशीतला भाऊसुद्धा बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतोच, आणि ती त्याने घालावी.