लेकीची पहिली पाळी: तुम्ही काय सांगितलंत, कधी, कसं?

माझी लेक चौथीत आहे. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीला पाळी आली आणि घरोघरच्या आयांचे दबक्या आवाजात फोन सुरू झाले. 'एवढ्यात?' हा सगळ्यांचा पहिला शब्द. आपल्याकडे साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी येते, पण दहाव्या वर्षी आली म्हणजे आजार झाला असं नव्हे. 'सातवीत गेली की सांगू' हे गणित बऱ्याच घरांत चुकणार आहे. सल्ले नकोत, ते पोत्याने मिळतात. तुमच्या घरात, शाळेत प्रत्यक्ष काय घडलं ते लिहा. बाबांनीही लिहा, आणि नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलींनी तर जरूर.

दोन मुलींची आई, पुणे

'ये, आज बसून बोलू' असा कार्यक्रम आमच्याकडे झालाच नाही. मोठी पाच वर्षांची असताना कपाटातलं पॅड घेऊन आली. 'मोठ्या बायकांना दर महिन्याला थोडं रक्त येतं, कुठे लागलेलं नसतं, त्यासाठी हे.' एवढं ऐकून ती खेळायला पळाली. नवव्या वर्षी तिच्या छातीत एका बाजूला छोटी गाठ आली, दुखायची. ती घाबरली. वाढ सुरू झाली की असं होतं, कधी एकाच बाजूला आधी होतं, आणि इथून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते, हे तेव्हा सांगितलं. पुढे चड्डीवर पांढरं दिसू लागलं, तेव्हा दप्तरात छोटा पाऊच गेला: दोन पॅड, एक चड्डी, एक पिशवी.

पण खरी कामाला आली ती रंगीत तालीम. एका रविवारी तिने पॅड लावून पाहिलं. चिकट बाजू अंगाला लावायची असंच ती समजत होती, जखमेच्या पट्टीसारखी! बरं झालं घरात कळलं. शिवाय जाहिरातींमध्ये निळं पाणी ओततात, म्हणून रंगाबद्दलही बोललो. पहिल्यांदा बऱ्याचदा लालभडक काही येतच नाही, चॉकलेटी डाग पडतो. माझ्या भाचीला तो शीचा डाग वाटला होता आणि तिने चड्ड्या माळ्यावर लपवल्या होत्या.

एकटा बाप, नागपूर

मुलगी आठ वर्षांची असताना तिची आई गेली. माझी ताई म्हणे, मी येऊन सांगते, तू यात नको पडू. पण पाळी काय ताईच्या गाडीची वाट पाहणार होती? मीच सांगितलं. ती सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, 'बाबा, सगळं रक्त वाहून गेलं तर?' मी हिशेबाचा माणूस. खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेतलं आणि पाणी मोजून वाटीत ओतलं. एका पाळीत, सगळे दिवस मिळून, साधारण 30 ते 80 मिली जातं, आणि तिच्या अंगात तीनेक लिटर रक्त असणार. वाटीत पाहून म्हणाली, 'बस, एवढंच?'

मेडिकलवाला पाकीट पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी चढवायचा. राहू द्या म्हटलं, तसंच हातात घेऊन आलो. सुरुवातीला तोच माझ्यापेक्षा जास्त लाजला.

पाळी आली तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन आला: 'आली. पॅड लावलं. येताना समोसे आणा.'

आजी, कराडजवळचं गाव

आमच्या वेळी न्हाण आलं की मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गल्लीतल्या बायका गाणी म्हणायच्या. झालंय काय, ते मात्र एकीनंही सांगितलं नाही. मला वाटलं कुठंतरी लागलंय. मग दर महिन्याला चार दिवस बाजूला, पोरांनी विचारलं तर 'कावळा शिवला'. आमच्या घरात हे बंद झालं ते कुणी सुधारक आला म्हणून नव्हे. सून नोकरीला लागली, माझे गुडघे गेले, मग चार दिवस भाकरी कोण थापणार? देवानंही चालवून घेतलं.

नातीच्या वेळी मला पुरण घालायचं होतं, चार जणी बोलवायच्या होत्या. ती म्हणाली, 'आजी, गावभर नको.' बरोबर आहे की, पाळी तिची. घरातल्या घरात शिरा केला. शेजारीण वासावरनं आलीच, तिला सांगितलं नात परीक्षेत पहिली आली.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, जालना जिल्हा

2018 मध्ये सरकारची अस्मिता योजना आली, तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना 5 रुपयांत आठ पॅडचं पाकीट मिळू लागलं. पण घरी पाकीट असून भागत नाही, कारण पहिल्यांदा येते ती वर्गात. मुलगी बाकावरून उठतच नाही, सुट्टी झाली तरी. म्हणून शाळेच्या एका कपाटात पॅड, चड्ड्या, गडद सलवारी आणि साबण ठेवला. किल्ली आठवीतल्या मुलीकडे असते, कारण बाईंकडे मागायला जीभ रेटत नाही. संडासाच्या दाराला आतून कडी बसवली आणि पाण्याचा ड्रम ठेवला. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा माझ्या कुठल्याच व्याख्यानाने पडला नाही.

चिठ्ठ्या टाकायला डबा ठेवलाय. 'डोक्यावरून अंघोळ केली तर पाळी थांबते का?' 'लग्न झालेलं नसताना येते म्हणजे पाप आहे का?' असले प्रश्न येतात. दोन्हींचं उत्तर 'नाही'; पण ते सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून द्यावं लागतं.

बऱ्याच मुली पॅडऐवजी कापडाची घडी वापरतात, आणि मी त्यांना हिणवू देत नाही. सुती कापड, साबणाने स्वच्छ धुतलेलं, उन्हात खडखडीत वाळवलेलं असेल तर त्यात वाईट काही नाही. वाईट ते परकराखाली, अंधाऱ्या खोलीत ओलसर वाळवणं. पावसाळ्यात इस्त्री फिरवा. आणि हो, मुलांनाही त्याच वर्गात बसवते. दोन दिवस खिदळले, मग विषय जुना झाला.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीची आई, ठाणे

आमची तयारी फार आधी सुरू झाली, कारण तिला नवं काही अंगवळणी पडायला वेळ लागतो. चड्डीवर मार्करने पॅडचा आकार आखून दिला, त्याच्यावर बरोबर चिकटवायचं. बाथरूममध्ये चित्रं लावली: काढ, गुंडाळ, डब्यात टाक, नवीन लाव, हात धू. लावण्याचं जमलं. 'हे सगळ्यांना सांगायचं नसतं' हे जमायला वेळ लागला. दूधवाल्याला आनंदाने कळवून झालं होतं.

कॉलेजात शिकणारी, रत्नागिरी

आईने पॅड, रक्त, सगळं सांगितलं होतं. गुठळ्या पडतात आणि पहिल्या दिवशी पोट बिघडू शकतं, हे कोणी सांगितलं नाही. आणि पहिली पाळी येऊन गेल्यावर तीन महिने गायब! मला वाटलं माझं काहीतरी बिघडलंय, कोणाला विचारणार?

बालरोगतज्ज्ञ, सोलापूर

वरच्या ताईंसाठी: पहिली एक-दोन वर्षं पाळी अनियमित असणं स्वाभाविक आहे. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, आठवड्याहून जास्त रक्त जात राहिलं, तास-दोन तासांत पॅड भिजू लागलं किंवा दुखण्यापायी शाळा बुडू लागली, तर दाखवा. 'लग्नानंतर सगळं नीट होतं' म्हणून थांबू नका.

एक चीड बोलून दाखवतो. दरवर्षी गौरी-गणपतीच्या आधी बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या आया पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागतात. नुकतंच सुरू झालेलं चक्र, ते नैवेद्यासाठी मागेपुढे करायचं? मी लिहून देत नाही. मग मेडिकलमधून परस्पर घेतात.

एक दादा, नाशिक

बहिणीला क्लासमधून आणायला गेलो, ती ओढणी कमरेला बांधून उभी. मी काही विचारलं नाही, माझं जॅकेट दिलं. घरी आल्यावर तीच म्हणाली, 'तुला माहीत होतं?' माहीत होतं, आईने दोघांना एकत्रच सांगितलं होतं.

पुन्हा पुण्याची आई

एक राहिलं: वापरलेलं पॅड. कमोडमध्ये टाकू नये हे मुलींना पहिल्याच दिवशी सांगा, पाइप तुंबतो. कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. आमच्याकडे पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंसाठी हीच खूण सुरू झाली, म्हणजे कचरा वेगळा करताना त्यांना ते पुडकं उघडून बघावं लागत नाही. धाकटीला अजून पाळी आलेली नाही, पण ठिपके काढायचं काम तिने आत्ताच आपल्याकडे घेतलंय.