शेवटी पोरगा मेलाच पाहिजे होता का? : 'पे इट फॉरवर्ड' (२०००)

(चर्चेचा धागा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवाउभा

(शेवट फोडलेला आहे. सिनेमा बघायचा असेल तर इथूनच परत फिरा.)

मिमी लेडरचा सिनेमा. गाव लास वेगास. समाजशास्त्राचे मास्तर यूजीन (केव्हिन स्पेसी) सातवीच्या वर्गाला काम देतात : जग बदलेल अशी कल्पना शोधा आणि ती करून दाखवा. ट्रेव्हर (हेली जोएल ऑस्मेंट) म्हणतो, मी तीन माणसांसाठी असं मोठं काम करीन जे त्यांचं त्यांना जमणार नाही. त्यांनी मला काही परत द्यायचं नाही, पुढच्या तिघांचं तसंच काम करायचं. दोन तास हे चालतं. मग शेवटी ट्रेव्हर मित्राला मारहाणीतून सोडवायला धावतो, चाकू लागतो, जातो. मेणबत्त्या घेतलेली गर्दी, गाड्यांच्या दिव्यांची लांबच लांब रांग, गाणं, समाप्त.

माझ्या मते या शेवटाने सिनेमा नासतो. रडू येतं ही तक्रार नाही, त्या मरणाला कथेत काही काम नाही ही आहे. सुरुवात आठवा. लॉस एंजेलिसमध्ये एका बातमीदाराच्या गाडीचा चुराडा होतो आणि एक अनोळखी माणूस त्याला आपली जॅग्वार देऊन टाकतो. तिथून कथा चार महिने मागे जाते. म्हणजे साखळी ट्रेव्हरच्या नकळत दुसऱ्या राज्यात पोचली हे पहिल्या काही मिनिटांतच कळलेलं आहे. 'तो गेला पण कल्पना उरली' एवढं सांगण्यासाठी त्याला मारायची गरजच काय?

तिसरी घंटा

असहमत. ट्रेव्हरचे तीन कोण ते बघा. पहिला जेरी, व्यसनी आणि बेघर. त्याला घरी आणतो, पैसे देतो, तो पुन्हा नशेकडे वळतो. दुसरं काम, मास्तर आणि आईची (हेलन हंट) गाठ घालणं. जमतं, पण बाप परत येतो आणि विस्कटतं. तिसरा ॲडम, शाळेत मार खाणारा मित्र. त्याला एकदा मार पडत असताना ट्रेव्हर बघतो आणि घाबरून पुढे जातच नाही. ही बोच सिनेमाभर आहे. तिसरं खातं उघडं राहिलेलं आहे आणि शेवटच्या प्रसंगात तो ते चुकतं करतो. याला बिनकामाचं कसं म्हणता?

आणि हे कुणा निर्मात्याने रडवण्यासाठी वरून चिकटवलेलं नाही. कॅथरिन रायन हाइड यांच्या १९९९च्या मूळ कादंबरीतही तो मरतोच.

आडवाउभा

कादंबरीत आहे म्हणून पडद्यावर चाललं पाहिजे असं नाही. तिसरं खातं तो धावतो त्या क्षणीच चुकतं झालं. न घाबरता पुढे गेला, बस. त्यानंतर तो जगला काय किंवा मेला काय, त्या खात्यात एक पैसा वाढत नाही. उलट ज्याच्यासाठी जीव गेला तो ॲडम पुढे कुणासाठी काय करतो, हे आपल्याला दाखवतच नाहीत. मरणानंतरचा सगळा वेळ मेणबत्त्यांना.

कात्री आणि डिंक

भांडण दुःखद की सुखद असं लावलंत तर ते सुटणार नाही. मरण कुठे ठेवलं ते बघा.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरु' (१९५२) घ्या. १४३ मिनिटांचा सिनेमा. नगरपालिकेतला कारकुनी जन्म काढलेला वातानाबे, पोटाचा कर्करोग. हे आपल्याला अगदी पहिल्या चित्रात, क्ष-किरण फोटोवरच सांगून टाकतात. तो मुलांसाठी बाग करायचं मनावर घेतो. आणि सिनेमाचा जवळपास तिसरा हिस्सा शिल्लक असताना निवेदक सांगतो, तो गेला! पुढचा सगळा वेळ त्याच्या सुतकाच्या बैठकीत. सहकारी दारू पीत बसलेत, बागेचं श्रेय कुणाचं यावर वाद, आणि प्रत्येकाच्या आठवणीतून बाग कशी झाली ते आपल्याला तुकड्यातुकड्याने कळतं. शेवटी सगळे शपथा घेतात की आपणही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरीत तेच जुनं, ये रे माझ्या मागल्या. एकजण उठून उभा राहतो, आणि पुन्हा कागदांच्या ढिगामागे खाली बसतो.

तिथे मरणाला काम दिलंय : मागच्यांची परीक्षा. आणि परीक्षेत बहुतेक जण नापास होतात, हेही दाखवायची छाती आहे. 'पे इट फॉरवर्ड'मध्ये मरणानंतर परीक्षा घ्यायला वेळच उरलेला नाही. मग सगळे न देताच पास.

'आनंद'मध्येही (१९७१) आधी भास्करच्या पुस्तकाचा सत्कार, मग आनंदची गोष्ट. तो गेलाय हे घेऊनच आपण बसतो, त्यामुळे शेवट धक्का म्हणून वापरावाच लागत नाही. वर टेपरेकॉर्डर आधीच कथेत आणून ठेवलाय, म्हणून माणूस गेल्यावर त्याचा आवाज येतो तेव्हा ती युक्ती वाटत नाही.

तिसरी घंटा

म्हणजे आधी सांगितलं की माफ? मग 'श्यामची आई'? मरण शेवटीच येतं.

कात्री आणि डिंक

सानेगुरुजींच्या पुस्तकाची बांधणी बघा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री सांगतोय, अशा ४२ रात्री. आईने जे पेरलं ते उगवलेला माणूस पहिल्या रात्रीपासून समोर बसलाय. आई जाते ती शेवटी, पण तिच्या मरणाचं 'पुढे काय' आपल्याला आधीच भेटलंय.

आडवाउभा

हेच म्हणत होतो, फक्त मला इतकं नीट मांडता आलं नाही.

पटीचा हिशोब

जरा आकडे. एकाचे ३, मग ९, २७, ८१. सोळाव्या फेरीला ४ कोटी ३० लाखांच्या वर, एकविसाव्या फेरीला १,०४६ कोटी, म्हणजे जगात माणसंच उरत नाहीत. हे झालं फळ्यावरचं. प्रत्यक्षात तिघांतले दोघे गळाले तर सरासरी एकावर येते, आणि बरोबर एक सरासरी असलेली साखळी कधी ना कधी तुटतेच. एखाद्या फेरीत उरलेले सगळे एकदम गळायचा अवकाश.

पडद्यावर आपल्याला दिसणारा मुख्य धागा असा : ट्रेव्हर, त्याची आई, आजी, आजीने पोलिसांपासून लपवलेला चोर, दवाखान्यात त्या चोरामुळे जिच्यावर लगेच उपचार झाले त्या दमेकरी मुलीचा वकील बाप, आणि त्या वकिलाची जॅग्वार मिळालेला बातमीदार. पाच कड्या. हिशोबाने पाचव्या फेरीला २४३ माणसं हवीत. एखाद्दुसरी फांदी आणखी दिसते, जेरी पुलावरून उडी मारणाऱ्या बाईला थांबवतो ती. बाकी कोरं.

अशी किरकोळ साखळी जगवायची तर एकच उपाय, मुळं, म्हणजे साखळी सुरू करणारी माणसं, वाढवा. सरासरी एकाच्या जराशी जरी वर राहिली, तर एका मुळाची तगायची शक्यता कमी असली तरी हजार मुळांतलं एखादं बहुधा तगतं. शेवटची गर्दी म्हणजे ती हजार मुळं आहेत. त्यामुळे माझं मत शेवटाच्या बाजूने, भावनेने नाही, हिशोबाने.

आडवाउभा

हिशोब झकास, पण ती मुळं रुजवली त्या बातमीदाराने घेतलेल्या ट्रेव्हरच्या टीव्हीवरच्या मुलाखतीने. ती चाकूच्या आधीच घेऊन झालीय. पोरगा जिवंत असता तरी ती दाखवलीच असती.

तिसरी घंटा

दाखवली असती, आणि लोकांनी जेवता जेवता बघून चॅनेल बदललं असतं. जिवंत मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी कोण रात्री गाडी काढून येतं? हे कटू आहे, पण खोटं नाही.

आडवाउभा

बरं, येऊन करतात काय? मेणबत्ती धरतात. ट्रेव्हरचा नियम होता, समोरच्याला जे स्वतःला जमणार नाही ते करा. मेणबत्ती धरणं त्यात कुठे बसतं? ज्या क्षणी गर्दी फोटोकडे तोंड करून उभी राहते, त्या क्षणी पुढे द्यायचं ते मागे द्यायला लागतात.

(हे वाक्य लिहून झाल्यावर मलाच जरा कडक वाटलं. पण राहू द्या.)

रंगीत पडदा

मरण वगळून बघायचं असेल तर आपल्याकडे उत्तर आहे. हीच तिघांची कल्पना मुरुगदास यांच्या तेलुगू 'स्टॅलिन'मध्ये (२००६) आणि त्यावरून केलेल्या हिंदी 'जय हो'मध्ये (२०१४) आहे. 'जय हो'त मरण शेवटून उचलून आधी आणलंय : हात नसलेल्या मुलीला परीक्षेला लेखनिक मिळत नाही, ती आत्महत्या करते. मदत न मिळाल्याची किंमत आधी, नायक शेवटी शाबूत. बांधणी म्हणून हे जास्त शहाणपणाचं. फक्त मधली जागा हाणामारीने भरली, त्यामुळे चांगुलपणापेक्षा मनगट लक्षात राहतं. तेव्हा शेवट बदलला की सिनेमा सुधारतो, असंही नाही.

खडूची धूळ

शाळेत दाखवणाऱ्यांसाठी. अमेरिकेत याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेराच्या खालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना. दारू, मारझोड, आईबापांचे प्रसंग, सगळं आहे. आठवीच्या खाली नको. शेवटी मृत्यू आहे हे आधी सांगा, कसा ते सांगू नका. १२३ मिनिटांचा सिनेमा पाच तासिकांत तुटतो आणि शेवट नेमका घंटेच्या तोंडावर येतो, मुलं तशीच घरी जातात. सलग दाखवा आणि नंतर निदान अर्धा तास ठेवा. नावं सरकत असताना दिवे लावू नका.

'यातून काय शिकलात' विचारलं की ठरलेलं उत्तर येतं. 'ॲडमने आता काय करावं' विचारा, वर्ग बोलू लागतो.

खरी अडचण दुसरीच आहे. निम्मी मुलं 'मध्ये पडलं की मरतो' हे घेऊन उठू शकतात आणि उरलेली 'मध्ये पडणारा तोच शूर' हे. दोन्ही वाईट. ट्रेव्हर एकटा धावतो, मोठी माणसं शाळेतच असताना. म्हणून तिथेच सांगायचं : आधी ओरडा, मोठ्यांना बोलवा, दोघंतिघं मिळून जा, हत्यार दिसलं तर लांब राहा, १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांक आहे. सिनेमा हे सांगत नाही. माझा शेवटावर राग असेल तर तो एवढ्यासाठी.

तिसरी घंटा

हा मुद्दा मान्य. तरी कात्रीवाल्यांना विचारते, गर्दीचा प्रसंग ठेवून काही करता आलं असतं का?

कात्री आणि डिंक

ठेवायचा, पण अर्धा. घरात टीव्हीवर मुलाखत, आई बाहेर येते, दिवे दिसतात, तिथे गाणं नको. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तेवढा. मग सकाळ, शाळेचं फाटक, आणि ॲडम कुणातरी नव्या पोराच्या बाजूला जाऊन उभा राहतो. दीड मिनिटाचं काम.

आडवाउभा

हे असतं तर मी धागाच काढला नसता.

तिसरी घंटा

मी काढला असता. दिव्यांवर संपायला हवा होता म्हणून.