कॅनडात असताना स्टडी परमिटची मुदतवाढ नाकारली: आधी रिस्टोरेशन की आधी कोर्ट?

कागदपत्री
माझं मत: वकिलाकडे धावण्याआधी रिस्टोरेशनचा, म्हणजे गेलेलं स्टेटस (कॅनडात विद्यार्थी म्हणून राहण्याचा कायदेशीर दर्जा) परत मिळवण्याचा अर्ज. जुनं परमिट संपण्याआधी मुदतवाढ मागितली असेल तर निकालापर्यंत 'मेंटेन्ड स्टेटस'वर शिकता येतं. मधल्या काळात परमिट संपलं आणि मग नकार आला, तर त्या दिवशी स्टेटस जातं. तिथून रिस्टोरेशनसाठी ९० दिवस. मुळात अर्जच तारीख उलटल्यावर भरला असेल तर मोजणी परमिट संपल्यापासून. इथेच पोरं फसतात, पत्र हाती येईपर्यंत ९० दिवस सरलेले असतात. फॉर्म तोच, आयएमएम ५७०९, फक्त रिस्टोअरचा पर्याय निवडायचा. फी मात्र दोन: परमिटचे १५० डॉलर आणि रिस्टोरेशनची वेगळी.

उलटतपासणी
असहमत. ९० दिवस आहेत म्हणून निवांत बसलं की कोर्टाचं दार केव्हा बंद झालं ते कळतही नाही. निर्णय कॅनडातल्या कार्यालयाने दिला असेल तर फेडरल कोर्टात जायला फक्त १५ दिवस मिळतात. ६० दिवस हे बाहेरच्या कार्यालयाच्या निर्णयासाठी. लोक नेटवर तोच आकडा वाचून येतात. कोर्टाची फी ५० डॉलर, खरा खर्च वकिलाचा. पण जोडलेलं बँक स्टेटमेंट अधिकाऱ्याने पाहिलंच नसेल, तर त्याच चुकीवर पुन्हा फी भरून दुसरा नकार का ओढवून घ्यायचा?

कागदपत्री
कारण कोर्ट परमिट देत नाही! जिंकलात तरी प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत जातं, एवढंच. आणि दावा लावला म्हणून ९० दिवसांचं घड्याळ थांबत नाही, गेलेलं स्टेटसही परत येत नाही.

मीठमिरची
दोघंही औषधावर भांडताय, आधी दुखणं बघा. जुलै २०२५च्या अखेरीपासून नकाराच्या पत्रासोबत अधिकाऱ्याच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. आधी त्या वाचा.

पैशांवरून नकार असेल तर कोर्टात काय सांगणार? १ सप्टेंबर २०२५ पासून क्यूबेकबाहेर एकट्या विद्यार्थ्याला शिक्षणाची फी सोडून वर्षाला २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. जुन्या २०,६३५च्या हिशोबाने केलेली फाइल अपुरीच पडणार. वडिलांच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम पंधरा लाख उमटले, तर एफडी मोडल्याची पावती किंवा कर्जाचं सँक्शन लेटर जोडा. नुसता शिल्लक रकमेचा दाखला सगळ्यात कमजोर कागद.

अभ्यासावरून असेल तर ट्रान्सक्रिप्टमधल्या गाळलेल्या सेमिस्टरचं उत्तर लागतं. रजा कॉलेजने मंजूर केलेली आणि १५० दिवसांच्या आतली, असं लेखी पत्र हवं. ८ नोव्हेंबर २०२४ नंतर नवं परमिट न घेता कॉलेज बदललं असेल, तर तिथे अधिकाऱ्याची चूक शोधत बसू नका.

उलटतपासणी
पैशांच्या बाबतीत मान्य. पण नोंदीत 'निधी अपुरा' लिहिलंय आणि फाइलमध्ये पुरेसे पैसे आहेत, असंही होतं. तिथे मी कोर्टच म्हणेन. आणि दोन्ही सोबत चालतात: पंधराव्या दिवसाच्या आत कोर्ट, नव्वदाव्याच्या आत रिस्टोरेशन.

परतीचा पाऊस
तिसरी वाट कोणी बोलत नाही: घरी जाऊन नव्याने अर्ज.

कागदपत्री
उरलेल्या एका सेमिस्टरसाठी? बाहेर पडलात की ९० दिवसांची सवलत तुमच्या कामाची नाही, आणि परत यायला परमिटसोबत व्हिसाही लागेल. दोन वर्षं बाकी असतील तर विचार करा. अमेरिकेच्या सीमेवर जाऊन तासाभरात परमिट आणायचा जुना सल्ला मात्र विसरा, २३ डिसेंबर २०२४ पासून ती सोय बंद आहे.

मीठमिरची
आणि कुठलीही वाट धरा, स्टेटस गेल्या दिवसापासून वर्ग बंद आणि कामही बंद. 'रिस्टोरेशन भरलंय, मग चालतं' ही निव्वळ अफवा आहे. अर्ज मंजूर होईपर्यंत एक शिफ्टही नको. तीच पुढे पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटच्या (शिक्षणानंतर कॅनडात काम करण्याच्या परवान्याच्या) वेळी आडवी येते. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला त्याच दिवशी ईमेल करा आणि सेमिस्टर पुढे ढकलल्याचं पत्र मागून ठेवा.