थंडीतलं काम आणि बीपी: तुमचे अनुभव लिहा

द्राक्षकाठ
आज फ्रीजरमधून मटार काढताना बोटं बधिर झाली आणि निफाडकडचं कोल्ड स्टोरेज आठवलं. चार हंगाम केले तिथे. बाहेर मार्चचं ऊन, आत शून्य-एक डिग्री, दिवसातून वीसेक खेपा. जेवणाच्या सुट्टीत शिबिरात बीपी निघालं १५६/९८. वय ३१! डॉक्टरांनी हात धरला नि म्हणाले, "बर्फ विकतोस का रे?" अर्धा तास बाकावर बसवलं, मग १३८/८८. गारठ्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून आकडा चढतो, हे त्यांनी सलाइनची नळी चिमटीत धरून दाखवलं. पुढे घरी मोजलं तरी वरच, आता रोज एक गोळी. अजून कुणी?

बांगडा
रत्नागिरी, कोळंबी, उणे अठराची खोली. बीपी कधी मोजलंच नाय. पण आत गेलं की दहा मिनिटांत लघवीला! सुपरवायझर म्हणायचा, बिडी ओढायला पळतो.

हुरडाप्रेमी
निफाडात पारा घसरला की द्राक्षांसाठी बागेत शेकोट्या पेटवतात, आणि माणसं शून्यात उभी 😄

सिस्टरताई
@बांगडा, थंडीत होतंच ते. हातापायांचं रक्त आत सरकतं, मूत्रपिंडाला वाटतं पाणी जास्त झालंय. पण बीपी मोजा हो एकदा. स्वेटरवरून पट्टा नको (आमच्याकडे रोज तेच!). आधी अर्धा तास चहा-बिडी नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं.

द्राक्षकाठ
पाच मिनिटं गप्प? आमच्या घरात?

बर्फाळबाई
टोरांटोहून. सासरे आले तेव्हा हौसेनं फावडं घेऊन दारातला बर्फ उपसायला लागले. बीपीची गोळी 'इथे हवा चांगली' म्हणून बंद केलेली, वर नाक चोंदलं म्हणून सर्दीची गोळी. छातीत दडपलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. निभावलं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी चढतं हे तेव्हा कळलं. फावडं आता माझ्या गाडीत कुलुपात.

हुरडाप्रेमी
काळजी घ्या काकांची. @द्राक्षकाठ, मटाराचं काय केलंत शेवटी?

द्राक्षकाठ
उसळ. करपली, धागा काढत बसलो ना.

बांगडा
मोजलं, मेडिकलवाल्याकडे. १४८/९४. बाही वर केलेली. चहा मात्र पिऊन गेलेलो.

सिस्टरताई
उद्या सकाळी चहाआधी परत. इथेच लिहा, मी बघते.