पडद्यांच्या किमतीतला फरक नेमका कशाचा असतो?

प्रश्न

ठाण्यातील आमच्या शयनगृहाला पश्चिमेकडे ६ फूट रुंदीची खिडकी असून दुपारी दोननंतर तेथे थेट ऊन येते. त्यासाठी ऑनलाइन पाहिले असता ७ फूट लांबीच्या तयार ‘ब्लॅकआउट’ पडद्यांची जोडी ९०० रुपयांना दिसली, तर बाजारातील दुकानदाराने तशाच दिसणाऱ्या राखाडी कापडाचा दर मीटरला ६५० रुपये सांगितला, आणि शिलाई वेगळी. दोन्ही कापडे पॉलिएस्टरचीच आहेत. ‘क्वालिटीत फरक आहे’ यापलीकडे दुकानदार काही सांगत नाही. हा फरक ग्राहकाला स्वतः कसा तपासता येईल?

प्रतिसाद १

‘ब्लॅकआउट’ या नावाखाली दोन अगदी वेगळी कापडे विकली जातात. पहिल्या प्रकारात साध्या पॉलिएस्टरच्या पाठीवर फेसाळ लेपाचे थर चढवलेले असतात. हा लेप प्रकाश पूर्ण अडवतो, पण कापड ताठ होते, चुण्या नीट पडत नाहीत, आणि लेप हलका असेल तर घड्यांवर तो तडकून धुताना त्याचे पापुद्रे निघू लागतात. दुसऱ्या प्रकारात विणतानाच मधल्या थरात काळे सूत घातलेले असते. असे कापड दोन्ही बाजूंनी मऊ असते, सुरेख लोंबते आणि निर्धास्तपणे धुता येते, मात्र कडक उन्हात ते थोडासा उजेड आत येऊ देतेच. त्यामुळे कोणते कापड श्रेष्ठ हे विचारण्याआधी आपल्याला पूर्ण अंधार हवा आहे की डोळ्यांना सोसेल इतकाच उजेड, हे ठरवावे लागेल.

तपासायचे असल्यास कापडाच्या पाठीमागे मोबाइलचा टॉर्च धरावा, मग तोच भाग मुठीत घट्ट चुरगाळून पुन्हा टॉर्चसमोर धरावा. लेपाला बारीक भेगा पडल्या असतील तर प्रकाशाचे ठिपके लगेच दिसतात. जीएसएमचा (एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) आकडा अवश्य विचारावा, परंतु त्यावर एकट्यावर विसंबू नये, कारण लेपाच्या कापडात त्या वजनाचा बराच वाटा सुताचा नसून लेपाचा असतो.

प्रतिसाद २

माझा पडदे शिवण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे कापडापेक्षा मोजमापाबद्दल लिहितो. तयार पडदा बहुधा ४ फूट रुंदीचा असतो, म्हणजे आपल्या ६ फुटी खिडकीवर जोडीचे मिळून ८ फूट कापड येते आणि पडदा ओढल्यावर तो जवळपास सपाट ताणला जातो. चांगला घेर यायला खिडकीच्या रुंदीच्या निदान दुप्पट कापड लागते. ४८ इंची पन्ह्याचे (रुंदीचे) तीन पन्हे, म्हणजे तीन पट्टे, घेतले की बरोबर १२ फूट होतात. लांबीत वरची पट्टी आणि खालची दुमड यांसाठी १ फूट धरला तर प्रत्येक पन्हा ८ फुटांचा, म्हणजे एकूण २४ फूट किंवा साधारण ७.३ मीटर कापड झाले. मोठी नक्षी जुळवायची असेल तर आणखी वाढते. नक्षी दर ६४ सेंटिमीटरने फिरून येत असेल, तर २४४ सेंटिमीटरच्या पन्ह्यासाठी २५६ सेंटिमीटर कापावे लागते. आपण ९०० रुपयांची तुलना ६५० शी करत आहात, पण खरी तुलना ८ फूट आणि १२ फूट घेराची आहे. साधे कापड भरपूर घेराने शिवले तर ते महागड्या पण आखडत्या पडद्यापेक्षा हमखास चांगले दिसते.

शिलाईत तीन गोष्टी पाहाव्यात. खालची दुमड ४ इंचांची आणि दुहेरी हवी. तयार पडद्यांत ती अनेकदा इंचभरच असते. रिंगचा पडदा असेल तर रिंगांची संख्या सम असावी, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. आणि कापड आडव्या धाग्याला धरून सरळ कापलेले असावे, कारण तिरके कापलेले कापड काही महिन्यांनी एका बाजूला ओढ घेते. ते इस्त्रीने सुटत नाही.

प्रतिसाद ३

रत्नागिरीकडच्या अनुभवावरून दोन मुद्दे जोडतो. खाऱ्या हवेत कापडाआधी दांडी जाते. दांडीला चुंबक घट्ट चिकटला तर ती मुलामा दिलेली लोखंडी आहे असे समजावे, मात्र तो चिकटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण २०२ आणि ३०४ या दोन्ही प्रतींच्या स्टीलला तो सहसा चिकटत नाही आणि गंजाला तोंड देण्यात ३०४ बरेच सरस असते. समुद्राजवळ ॲल्युमिनियमचा ट्रॅक मला अधिक भरवशाचा वाटतो. शिवाय पावसाळ्यात लेपाचे पडदे घडी करून कपाटात ठेवू नयेत, कारण दमट हवेत लेपाला लेप चिकटतो.

प्रतिसाद ४

वरील सर्व माहिती योग्य आहे, परंतु मूळ अडचण उन्हाची असेल तर एक मर्यादा लक्षात घ्यावी. ऊन काचेतून आत आले की उष्णता खोलीत आलेलीच असते. आतला पडदा तिचा काही भागच परतवू शकतो, आणि गडद राखाडी पाठ असेल तर तो स्वतःच तापतो. पाठीला पांढरे किंवा फिके अस्तर असलेला पडदा तुलनेने बरा. खरा फरक काचेबाहेरच्या आडोशाने पडतो. बाल्कनी असेल तर तेथे बांबूची चिक लावावी, नाहीतर खिडकीवर छज्जा वाढवता येतो का हे सोसायटीला विचारावे. अशी व्यवस्था झाली तर आतल्या पडद्यावर इतका खर्च करण्याचे कारणच उरणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. बाहेर चिक लावण्याबाबत सोसायटीकडे विचारणा करतो. सुती कापडाचा पर्याय मात्र कोणी सुचवला नाही. तो पश्चिमेच्या खिडकीला चालेल का?

प्रतिसाद २ लिहिणारे

चालेल, पण अस्तर लावूनच. थेट उन्हात सुती कापडाचा रंग पॉलिएस्टरपेक्षा लवकर उडतो आणि धागाही कमकुवत होतो. अस्तर ते ऊन स्वतःवर घेते आणि खराब झाले की तेवढेच बदलता येते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून शिवण्याआधी ते पाण्यातून काढून घ्यावे, किंवा दुमडीत जास्तीचे कापड ठेवायला सांगावे. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणत असेल तर कडेचे दोन धागे मागून घेऊन जाळून पाहावेत. सुताची राख होते आणि जळलेल्या कागदासारखा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. मिश्र सुतात दोन्ही खुणा दिसतात, आणि तसे असेल तर दर कमी करून मागायला संकोच बाळगू नये.