अख्खा डेटाबेस उतरवू नका
ताई, ब्लास्ट (डीएनएचे क्रम जुळवून पाहणारं सॉफ्टवेअर) बसलं, पण 'एनटी' हा नाना जीवांच्या डीएनए क्रमांचा डेटाबेस उतरवताना हार्डडिस्क भरली, असं तुम्ही म्हणताय. अहो, तो शेकडो जीबींचा, घरच्या पीसीला झेपायचा नाही! तुम्हाला डाळिंबावरचा तेल्या रोगच तपासायचाय ना? मग एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या साइटवरून तो रोग करणाऱ्या झँथोमोनास जिवाणूचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए क्रम, तेवढा घ्या. साधारण ५० लाख बेस (डीएनएची अक्षरं), म्हणजे फास्टा फाइल (क्रमांची साधी मजकूर फाइल) जेमतेम ५ एमबी. ब्लास्टसोबतच्या 'मेकब्लास्टडीबी' या कमांडला ती फाइल देऊन डीबीटाइप 'न्यूक्ल' (म्हणजे डीएनए) सांगितलं की काही सेकंदांत डेटाबेस तयार.

एक मात्र जपा, फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. जुळे सोलापुरात लेकीच्या पीसीवर 'माय डेटा' या नावापायी आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. सी ड्राइव्हवर थेट 'ब्लास्ट' फोल्डर केलं आणि लगेच चाललं. नमुन्याबद्दल शंका असेल तर सोलापूरजवळच्या केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात जरूर विचारा.