पाच रकान्यांच्या फॉर्मला डब्ल्यूटीफॉर्म्स कशाला हवं?

फ्लास्कवाला:
ओळखीच्या एका प्रकाशकांसाठी दिवाळी अंकाची आगाऊ मागणी नोंदवायचा फॉर्म फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथॉनच्या वेबसाइट बनवायच्या छोट्या फ्रेमवर्कमध्ये, करतोय. नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, प्रती. बस्स. ब्राउझरने पाठवलेल्या पाच व्हॅल्यू रिक्वेस्ट डॉट फॉर्ममधून उचलायच्या, तपासायला चार इफ लिहायचे, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टाकायचं आणि दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट मारायचा, म्हणजे कोणी पान रिफ्रेश केलं तरी मागणी दोनदा पडत नाही. यासाठी डब्ल्यूटीफॉर्म्स ही फॉर्म तपासायची तयार लायब्ररी, तिचा वेगळा फॉर्म क्लास, व्हॅलिडेटर (रकाना तपासणारे नियम), टेम्प्लेटमधले मॅक्रो हा पसारा मला खरंच पटत नाही. नवीन मुलं आधी लायब्ररी शिकतात आणि ब्राउझर नक्की काय पाठवतो हे त्यांना ठाऊकच नसतं, टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे येतच नाही एवढंसुद्धा.

बॅकएंडवाली:
अजिबात पटलं नाही. चार इफ कधीच चार राहत नाहीत. मोबाइल चुकला तर बाकीचे रकाने भरलेले तसेच परत दाखवायचे, चूक ज्या त्या रकान्याखाली दाखवायची, हे लिहायला घेतलंत की तुम्ही स्वतःचीच लायब्ररी लिहायला बसलात, आणि तिला टेस्टही नाहीत. शिवाय सीएसआरएफ हल्ल्यापासूनच्या संरक्षणाचं काय? जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये नवा प्रोजेक्ट केला की त्यासाठीचं मिडलवेअर चालूच असतं, नुसत्या फ्लास्कमध्ये काहीच नाही, ते डब्ल्यूटीफॉर्म्स फ्लास्कला जोडणारं फ्लास्क-डब्ल्यूटीएफ घेतल्यावर मिळतं.

फ्लास्कवाला:
सीएसआरएफचा प्रश्न येतो तो लॉगिन कुकीवर चालत असेल तिथे. दुसऱ्याच्या लॉगिनचा फायदा घेऊन त्याच्या नावाने फॉर्म पाठवायचा, असा तो हल्ला आहे. इथे लॉगिनच नाही, कोणीही येऊन मागणी नोंदवू शकतो. ॲडमिनच्या पानाला त्यासाठीचं टोकन (फॉर्मसोबतचा गुप्त कोड) लावणारच आहे, सरसकट सगळीकडे कशाला?

सातारी_कोडर:
तुम्ही दोघं लायब्ररीवरून भांडताय, पण हा फॉर्म मराठी माणसं मराठीत भरणार आहेत, तिकडे कोणी बघतच नाहीये. पायथॉनमध्ये 'कमल' ला इजअल्फा, म्हणजे 'सगळी अक्षरंच आहेत का' ही तपासणी, लावा, ट्रू येतं. 'स्वाती' ला लावा, फॉल्स! कारण काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हं पायथॉनच्या लेखी अक्षरंच नाहीत. रेगेक्समधल्या, म्हणजे मजकुराचा साचा तपासायच्या भाषेतल्या, बॅकस्लॅश डब्ल्यू या 'अक्षर किंवा आकडा' खुणेचंही तेच. म्हणजे अर्ध्याअधिक बायकांची नावं 'अवैध' म्हणून परत जाणार. उलट बॅकस्लॅश डी ही 'आकडा' खूण देवनागरी आकडे खुशाल घेते, मजकुराचा आकडा करणारं इंट तर '४११०३८' चा व्यवस्थित पूर्णांक करून देतं. पिनकोडला ते सोयीचंच आहे, पण मोबाइल आपण स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून ठेवतो, म्हणजे एकाच माणसाचा नंबर एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी आकड्यांत, आणि शोधताना दोन वेगळी माणसं. डब्ल्यूटीफॉर्म्सचा रेगेक्स व्हॅलिडेटर आतून तेच रेगेक्स वापरतो, तिथेही सुटका नाही.

बॅकएंडवाली:
हा मुद्दा एकदम बरोबर, पण तो माझ्याच बाजूचा आहे. डब्ल्यूटीफॉर्म्समध्ये फील्डला फिल्टर्स देता येतात, तिथे एकदा आकडे बदलून घ्या आणि एनएफसी नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी होतात. 'कऱ्हाड' मधला ऱ एकाच कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एकाच क्रमांकाचा) येतो किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा येतो, दिसायला तंतोतंत सारखे आणि तुलना केली की वेगळे. एनएफसीने दोन्ही एक होतात. हे प्रत्येक व्ह्यूत, म्हणजे पान हाताळणाऱ्या प्रत्येक फंक्शनमध्ये, आठवणीने करणार का?

फ्लास्कवाला:
प्रत्येक व्ह्यूत का? एक फंक्शन लिहीन, रकाना आणि त्यातली व्हॅल्यू अशी कच्ची डिक्शनरी आत, साफ केलेली डिक्शनरी आणि चुकांची यादी बाहेर. टेस्ट लिहायलाही तेच सोपं, रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट, म्हणजे नकली वेब रिक्वेस्ट, उभा करावा लागत नाही.

नवी_मुंबईकर:
लायब्ररी घेतली की सगळं सुरक्षित असंही समजू नका हो. प्रतींच्या रकान्यात उणे ३ टाकलं तर डब्ल्यूटीफॉर्म्सच्या इंटिजरफील्डला (पूर्णांकाच्या रकान्याला) ते चालतं, मर्यादा घालणारा नंबररेंज व्हॅलिडेटर आपणच लावावा लागतो. डेटारिक्वायर्ड लावलं की शून्यालासुद्धा 'भरलं नाही' म्हणतं, तिथे इनपुटरिक्वायर्ड हवं. आणि अंकाची किंमत हिडन (पानावर न दिसणाऱ्या) फील्डमधून कृपा करून पाठवू नका, ब्राउझरमध्ये ती कोणीही बदलू शकतं, एकूण रक्कम सर्व्हरवरच काढा.

बॅकएंडवाली:
किंमतीचं १००% मान्य. आणि फ्लास्कवाला, तुमचं ते साफ करणारं फंक्शन म्हणजे फॉर्म क्लासच झाला की, फक्त नाव वेगळं! प्रकाशक उद्या वार्षिक वर्गणीचा फॉर्म मागतील, त्यात पत्ता-पिनकोड तेच, वर यूपीआयचा व्यवहार क्रमांक. तेव्हा काय कराल?

फ्लास्कवाला:
तेव्हा पत्त्याचं फंक्शन दोन्हीकडे वापरीन, वर्गणीचं वेगळं लिहीन. तिसरा फॉर्म आला तर डब्ल्यूटीफॉर्म्सचा विचार करू. सातारी_कोडर, ती नावाची तपासणी मात्र पूर्ण काढून टाकतोय. नाव रिकामं नसलं आणि १०० अक्षरांच्या आत असलं की झालं, त्यापलीकडे कोणाचं नाव बरोबर की चूक हे ठरवणारे आपण कोण?